नवऱ्याचं बाळंतपण

आमच्या घरात तीन बाळंतपणं झाली. दोन माझी आणि एक नवऱ्याचं. माझ्या दोन्हींतलं मला आठवतं ते सलाईन, टाके आणि छतावरचा पांढरा दिवा. नवऱ्याच्या बाळंतपणात मात्र कशाचीच कमी पडली नाही. डिंकाचे लाडू, शेक, कानाला रुमाल, जागेवर आणून दिलेलं कोमट पाणी, सगळं यथासांग झालं. ते केलं माझ्या सासूबाईंनी, पण सुरुवात माझ्यापासून झाली, कारण त्याला ऑपरेशनला नेलं मी.

मी नागपुरात एका शाळेत गणित शिकवते. नवऱ्याचं सक्करदऱ्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. सासूबाई नरखेडकडे गावी राहतात आणि संत्र्याची बाग एकटीच्या हिमतीवर चालवतात. व्यापारी त्यांच्याशी भाव करायला आला की चहा पिऊन गुपचूप परत जातो. नवरा त्यांचा एकुलता एक. आम्हाला दोन मुली. एवढं सांगितलं की आमच्याकडची कोणतीही बाई पुढचा प्रश्न स्वतःच विचारते, "मंग आता?"

या "मंग आता"चं उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं. धाकटीच्या वेळी माझं बीपी इतकं चढलं की झटके आले. शुद्धीवर आले तेव्हा मुलगी काचेच्या पेटीत होती. तिचंच काही सांगता येत नव्हतं, म्हणून माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन तेव्हा राहून गेलं. पुढे ती सुधारली, घरी आली आणि घर डोक्यावर घेऊ लागली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की तिसऱ्या खेपेला मी वाचेनच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पुढे मी जे काही हसत सांगणार आहे, त्याच्या तळाशी हे वाक्य आहे. ते मला आजही झोपेत ऐकू येतं.

आता राहता राहिला प्रश्न उपायाचा. उपाय तसे पुष्कळ आहेत, फक्त ते सगळे बाईच्या अंगावरून जातात. लग्नानंतर मी गोळ्या घेतल्या होत्या. वर्षभर छान चाललं, पाळीच्या दुखण्यातूनही सुटका झाली, मी सगळ्यांपुढे त्यांचे गोडवे गात फिरायची. मग डोकं धरू लागलं, बीपी निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी त्या कायमच्या बंद केल्या. तांबी बसवली, तर पाळीत इतका रक्तस्राव होऊ लागला की वर्गात उभं राहून शिकवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. माझ्या बहिणीला तीच तांबी इतकी मानवली की आपल्याला ती बसवली आहे हेच ती विसरून गेली होती. म्हणजे दोष तांबीचा नाही, शरीर ज्याचं त्याचं असतं. पण हे लोकांना सांगून पाहा. एकीला त्रास झाला की सगळ्या गल्लीत तांबी पोटातून काळजात जाते, आणि एकीला मानवली की बाकीच्या त्रास होणाऱ्या नाजूक ठरतात.

राहिलं ते मेडिकलमधलं पाकीट. चौकातला मेडिकलवाला नवऱ्याचा शाळेतला सोबती. त्याच्याकडे ते मागायचं म्हणजे नवऱ्याच्या मते गावभर दवंडी पिटणं. म्हणून तो गाडी काढून थेट दूरच्या सदर भागात जायचा, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. तिथेही नुसतं पाकीट मागायची हिंमत नाही, म्हणून आधी खोकल्याचं औषध मागायचा. आमच्या कपाटात खोकल्याच्या इतक्या बाटल्या साचल्या की पाहुण्यांना वाटायचं या घरात कोणाची तरी छाती अगदीच खराब आहे. आणि खोकल्याची बाटली आठवणीनं घेऊन पाकीट विसरून आला, असंही झालं. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं पोट पुन्हा उघडण्यात धोका आहे. यांचं करा. टाका नाही, चिरफाड नाही, थोड्या वेळात घरी." नवऱ्यानं मान डोलावली. बाहेर येऊन त्यानं स्कूटर काढली. मग म्हणाला, "आंब्या बहाराची संत्री उतरू दे, मंग करू." संत्री उतरली. मग म्हणाला, दुकानात मोटारी साचल्या आहेत. मग म्हणाला, थंडी वाढली आहे, जखम लवकर सुकत नाही. मी म्हटलं, थंडीतच जखम लवकर सुकते, आणि नाही सुकली तर मी फुंकर घालीन.

तेवढ्यात ही बातमी मी शेजारच्या वहिनींना सांगून चूक केली. त्या माझ्या भल्याच्याच होत्या. पण त्यांनी तोंडाला पदर लावला. "काहून वं, त्याचं कायले करता? तुहंच करून घे ना. तो कमावता माणूस हाय."

मी म्हटलं, "वहिनी, अन् मी शाळेत काय झाडाले पाणी घालाले जातो?"

"तसं नाई वं. माणसाले कमजोरी येते. मंग वजन उचलणं होत नाई."

आता माझा नवरा दुकानात वजन उचलतो ते चहाच्या ग्लासाचं. मोटारी उचलायला कारागीर आहेत. पण वहिनींच्या डोळ्यांत खरीच काळजी होती, आणि ती काळजी त्यांनी एकट्यांनी शोधून काढलेली नव्हती. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी ऑपरेशनसाठी माणसं धरून नेत, म्हणून जीप आली की गावातली धडधाकट माणसं तुरीच्या शेतात जाऊन बसत. ज्यांचं झालं ते पुढे वर्षानुवर्षं आपल्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडत. जबरदस्तीनं केलेली गोष्ट माणसं विसरत नाहीत, हे मला पटतं. पण त्या जीपची भीती आज माझ्या पोटावर कशाला काढायची, हे मला पटत नाही. तुरीतले पुरुष केव्हाच बाहेर आले. त्यांच्या बायका मात्र अजून ऑपरेशन टेबलवर जात आहेत.

शेवटी एका सकाळी मी रजा टाकली, मुलींना वहिनींकडे ठेवलं आणि नवऱ्याला घेऊन गेले. तो मागे बसला होता आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला खूश होत होता. आत गेला तो पांढरा पडून, आणि मी बाहेर अर्धा पेपर वाचते न वाचते तोच चालत बाहेर आला. "झालं?" मी विचारलं. "झालं म्हणते," तो म्हणाला, जणू दुसऱ्याच कोणाचं झालं होतं. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना नीट समजावलं की लगेच मोकळं समजू नका. तीन महिने जपायचं, मग तपासणी करायची, आणि रिपोर्ट शून्य आला की मगच बिनधास्त. आम्ही दोघांनी मान हलवली. मी तर गणिताची बाई, तीन म्हणजे किती हे मला माहीत होतं.

सासूबाईंना आम्ही हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. ही नवऱ्याची अक्कल. आपली आई आपल्याला ओळखत नाही, असं मानणाऱ्या मुलांपैकी तो एक. त्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं आल्या. हातात संत्र्याची पिशवी, खांद्यावर कापडाचं गाठोडं. पोराजवळ बसल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "कोणत्या बाजूनं होता गा हर्निया?"

"डाव्या," नवरा म्हणाला.

संध्याकाळी चहा देताना पुन्हा विचारलं. तो म्हणाला, उजव्या. सासूबाईंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग पोराच्या चालण्याकडे पाहिलं, कारण तो तेव्हा दोन्ही पाय फाकवून टाकत बाथरूमकडे निघाला होता. त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि डबे उघडून पाहू लागल्या. मी मागे गेले. मनात भांडणाची पूर्ण तयारी होती. मुद्दे पाठ केले होते, आवाजही तयार ठेवला होता.

"डिंक कोठी हाय?" त्यांनी विचारलं.

"डिंक?"

"हर्निया असो का काई असो. पोटाखालचं ऑपरेशन हाय. बाळंतपणच हाय ते. आता याले सव्वा महिना सांभाळा लागन."

आणि त्यांनी सांभाळलं. मला वाटतं रागाचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचे लाडू वळले. दुसऱ्या दिवशीपासून आमच्या घरात रीतसर बाळंतिणीची खोली झाली. खिडकी बंद, कारण वारा लागतो. कानाला रुमाल, कारण कानातून वारा शिरतो. सकाळी तीळतेलानं कंबर चोळायची, मग ओव्याचा शेक, मग लाडू, मग झोप. आंबट बंद. गार पाणी बंद. त्यांचीच संत्री आणि त्यांच्याच पोराला बंद. तो बाहेरच्या खोलीत मुलींना संत्री सोलून खाताना पाहायचा. तीन-चार दिवसांत दुकानात जाणार होता तो माणूस दोन आठवडे रजईतून बाहेर आला नाही. मोठीनं मला हळूच विचारलं, "आई, बाबाले बाळ झालं का?" मी म्हटलं, नाही बेटा, बाबाचं न होण्याचं झालं. ती विचार करत निघून गेली.

मला राग यायला हवा होता. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी दीड महिन्यात खडू हातात घेतला होता. पण खरं सांगते, मजा येत होती. नवऱ्याला जागेवर ताट मिळतंय आणि त्याला ते नको झालंय, हे दृश्य बाईला आयुष्यात एकदा तरी पाहायला मिळावं. शिवाय लाडू तो एकटा खात नव्हता. दुपारी सासूबाई झोपल्या की मी डबा उघडायची.

सव्वा महिना झाला त्या सकाळी सासूबाईंनी त्याला डोक्यावरून न्हाऊ घातलं, नवा शर्ट घालायला लावला, आणि बाळंतीण विहिरीची पूजा करते म्हणून त्याला सोसायटीच्या बोअरवेलपाशी नेऊन हळदकुंकू वाहायला लावलं. वॉचमन पाहून राहिला. वर राहणारे काका योगासनं सोडून गॅलरीत आले. सासूबाईंनी नारळ फोडला आणि जाहीर केलं, "झाला माहा पोरगा मोकळा."

आणि इथेच घोळ झाला. डॉक्टरांचे तीन महिने आम्हाला माहीत होते. पण सव्वा महिनाभर घरात चाललेला सोहळा, न्हाणं, नवा शर्ट, फुटलेला नारळ, या सगळ्यानं एक गोष्ट संपल्यासारखी वाटली. आमच्या घरात काही संपलं की ते नारळानं संपतं, रिपोर्टनं नाही. त्या आठवड्यात सासूबाई गावी गेल्या, मुली लवकर झोपल्या, आणि नवरा म्हणाला, "आता तं आईनंही मोकळा केला." मला इतकं हसू आलं की पुढचं बोलायचं राहून गेलं. सदरच्या दुकानात तो ऑपरेशननंतर एकदाही गेलेला नव्हता.

पुढच्या महिन्यात माझी पाळी चुकली.

ते दिवस मला हसून सांगता येत नाहीत. फळ्यावर समीकरण लिहिताना मी मधेच थांबायची आणि पुढची ओळ सुचायची नाही. मुलं वाट पाहत बसायची. घरी चाचणी केली, एकच रेघ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई केलीत, आठवड्यानं पुन्हा करा. टेन्शननंही पाळी लांबते. आणि समजा असलंच, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे, आपण लवकर पाहू, फक्त तुमच्या बीपीमुळे मला सगळं हॉस्पिटलमध्येच करावं लागेल. त्या चांगल्या बोलल्या. पण मला धाकटीच्या वेळचा तो पांढरा दिवा दिसत होता. मोठीच्या वेण्या घालताना वाटायचं, हिला स्वतः वेणी घालता यायला किती वर्षं आहेत. मला मरायची भीती वाटत होती, आणि तीही असल्या हास्यास्पद कारणानं.

नवरा तर आईला फोन केल्याशिवाय राहू शकत नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. सासूबाई दुसऱ्या दिवशी हजर. या वेळी पिशवी नव्हती, गाठोडं नव्हतं. माझ्याशी जेमतेम बोलल्या. जेवायला बसल्या तर भाकरी कुस्करत राहिल्या. रात्री निघायची गोष्ट काढावी तसं म्हणाल्या, "रविवारी रामटेकले जाऊ. मले देवाजोळ काम हाय."

मी समजले. न समजण्यासारखं काय होतं त्यात. एकुलत्या एका मुलाची आई, दोन नाती, आणि आता देवानं स्वतःहून एक संधी पाठवलेली. चालली असेल नारळ वाढवायला, या खेपेला तरी नातू दे म्हणून. मी स्वयंपाकघरात भांडी इतक्या जोरात घासली की नवरा उठून आला आणि पाहून परत गेला. जायचं नाही असंच ठरवलं होतं. मग वाटलं, जाते. काय मागते ते माझ्यासमोर मागू दे.

रविवारी निघालो. नवरा मागून आणलेली कार चालवत होता, मागे मी, सासूबाई आणि मुली. मनसर ओलांडेपर्यंत धाकटी बोरं मागत होती. गडावर गाडी लावली. पायऱ्यांच्या आधी खाली बायकांसाठी सोय आहे, तिथे मी जाऊन येते म्हटलं.

आत गेल्यावर मला कळलं. पाळी आली होती.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर एक बाई दार वाजवत होती, तिला म्हटलं, थांबा वं माय, थोडं थांबा. मग रडू आलं. मग पर्समध्ये काही आहे का ते शोधलं, नेहमीच्या सवयीनं एक होतं, ते घेतलं, तोंड धुतलं आणि बाहेर आले. नवरा मुलींना घेऊन बोरांच्या टोपलीपाशी होता. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या, हातात हार आणि नारळ. मी त्यांच्या कानात सांगितलं.

त्या खालीच बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि तसंच तोंडावर धरून ठेवलं. लोक बाजूनं वर जात होते. मला वाटलं, नातू गेला म्हणून रडतात. आणि त्या क्षणी मला त्यांचा रागही आला नाही, कारण माझाच आनंद मला आवरत नव्हता.

"तुमी या जाऊन," मी म्हटलं. "मी इथंच बसतो."

त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. गावी त्यांच्या घरात त्या चार दिवसांत सुनेनं देवघराच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीकडे पाहायचं नाही, हा नियम त्यांचाच. मी भांडून भांडून थकले होते आणि शेवटी त्या दिवसांत गावी जायचंच टाळू लागले होते.

सासूबाई उठल्या. गुडघ्यावरची धूळ झटकली. "चाल," म्हणाल्या.

"आई, मले आत नाई चालत."

"कोन म्हणलं?"

"तुमीच."

"मी म्हणलं होतं, तं आता मीच चाल म्हणून राहिली." त्यांनी माझं मनगट धरलं. संत्र्याच्या पेट्या उचलणारा हात तो, सोडवून घेणं शक्य नव्हतं. चार पायऱ्या चढून थांबल्या. माझ्याकडे न पाहता बोलू लागल्या. "तू दवाखान्यात बेसूद होती ना, तवा मी इथं आली होती. देवाले म्हणलं, एक नातू दे. नवस बोलली होती. आता तुले काई झालं असतं तं, ते मी मांगतलं म्हणून झालं असतं. म्हणून आज वापस घ्याले आली. नातू नाई पाहिजे म्हणाले."



"अन् तू खाली बसून राहते म्हणते," त्या म्हणाल्या, मला ओढत. "तू आत नाई आली तं त्याले कसं समजन, का नातवाच्या बदल्यात मी काय ठेवून घेतलं?"